बोअर झालेल्या इंजिनाचे पहिले दीड हजार किलोमीटर

इंजिन बांधून गाडी उभी राहिली की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आता किती दिवस हळू चालवायची?" मी त्याला आधी बसवतो, चहा सांगतो आणि मग सांगतो की नुसतं हळू चालवून इंजिन रन-इन होत नाही, म्हणजे त्याचे नवे भाग एकमेकांवर नीट बसत नाहीत. चाळीसच्या वेगाने, पाय अलगद ठेवून महिनाभर जपलेली इंजिनं पुढे ऑइल खात माझ्याकडे परत आलेली आहेत. नव्या इंजिनावर थोडा भार पडायला लागतो, पुन्हा तो सुटायला लागतो आणि हे पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्येच व्हायला लागतं.

माझी नोकरी पिंपरीतल्या एका कारखान्यात, इंजिनच्या टेस्ट बेडवर झाली. निवृत्त झाल्यावर धनकवडीत छोटं गॅरेज टाकलं. टेस्ट बेडवर इंजिन डायनामोमीटरला, म्हणजे त्यावर भार टाकून ताकद मोजणाऱ्या यंत्राला, जोडतात आणि टप्प्याटप्प्याने भार वाढवत नेतात. तिथे नवं इंजिन 'जरा मोकळं होऊ दे' म्हणून कुणी तासन्‌तास स्लोवर (अ‍ॅक्सिलरेटर न देता, जागेवर चालू) सोडत नाही. गॅरेजात मात्र हा प्रकार सर्रास चालतो. गाडी रात्रभर दारात घुरघुरत ठेवतात आणि सकाळी म्हणतात, इंजिन मोकळं झालं. मोकळं झाल्यासारखं वाटतंही, पण आत बोअरचं, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीचं, नुकसान होऊन गेलेलं असतं.

आत काय घडत असतं

बोअरिंगवाला सिलिंडर वाढवतो, पाव किंवा अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन बसेल एवढा. शेवटी होनिंगच्या दगडाने भिंतीवर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा पाडतो. ब्लॉक लेथवाल्याकडून आला की कोरडा बोअर उजेडाकडे वळवून बघा, जाळीसारख्या रेघा दिसतील. नख वर-खाली फिरवलं तर अगदी बारीक खरखर लागते. ती खरखर मुद्दाम ठेवलेली असते. रेघांच्या खोबणीत ऑइल टिकतं आणि त्यांची टोकं पिस्टनभोवतीच्या नव्या रिंगशी घासून सपाट होतात. रिंगची कड आणि बोअरची भिंत अशी एकमेकांवर बसली की कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, धरतं.

आता रिंग भिंतीवर दाबतं कोण? तिचा स्वतःचा ताण असतो, पण तो थोडा. खरा जोर जळणाऱ्या गॅसचा. गॅस पिस्टनच्या खाचेत शिरतो, रिंगच्या मागे जातो आणि तिला बाहेर रेटतो. अ‍ॅक्सिलरेटर नीट दाबलेला असला तर हा दाब भरपूर मिळतो. पाय नुसता टेकवलेला असला, किंवा गाडी स्लोवर उभी असली, तर रिंग ऑइलवर तरंगत राहते. मग भिंतीवरचं ऑइल तापून जळतं आणि रेघांच्या खोबणीत गुळगुळीत, चकचकीत थर बसतो. याला बोअर ग्लेज होणं म्हणतात. एकदा ग्लेज झाला की रिंग कधीच बसत नाही. इंजिन उघडून पुन्हा होन करायचं आणि नव्या रिंग घालायच्या, हाच उपाय.

दुसरं टोकही तितकंच वाईट. नवीन भाग एकमेकांना कडक असतात, त्यांच्या घासण्याने एरवीपेक्षा जास्त उष्णता होते. अशा इंजिनाला लांब चढावर पूर्ण दाबलं, किंवा हायवेला तासभर शंभरवर ठेवलं, तर पिस्टनच्या स्कर्टवर (खालच्या भागावर) ओरखडे उठतात, कधी पिस्टन सीझ होतो, म्हणजे अडकून बसतो. म्हणून भार द्यायचा, पण थोडा वेळ द्यायचा आणि लगेच काढून घ्यायचा. पुढे जे सांगतो ते सगळं याच्याभोवतीच आहे.

सेल्फ मारण्याआधी

ऑइल मिनरल घ्या, २० डब्ल्यू ४० किंवा २० डब्ल्यू ५०, मॅन्युअलमध्ये असेल त्याप्रमाणे. महागडं सिंथेटिक आत्ता नको. ते फार निसरडं असतं, रिंग बसायच्या वेळी ते नकोच असतं, शिवाय पहिलं ऑइल आपण लगेच काढून टाकणार आहोत. फिल्टर बसवण्यापूर्वी त्यात ऑइल भरून घ्या. मग मारुती ८०० चे तिन्ही (प्रीमियर पद्मिनी असेल तर चारही) प्लग काढा, कॉइलची वायर सुरक्षित बाजूला करा आणि सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंद, मग थांबा, सेल्फला आणि बॅटरीला दम घेऊ द्या, पुन्हा दहा सेकंद. प्लग नसल्याने कंप्रेशनचा भार नसतो, बेअरिंगवर ताण येत नाही आणि पंप ऑइल वर ढकलतो. डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा विझेपर्यंत हे करा. दिवा विझल्यावर टॅपेट कव्हर उघडून बघा, रॉकरवर ऑइल पोचलेलं दिसलं पाहिजे. दिवा विझतच नसेल तर इंजिन चालू करायचा विचारही करू नका. बेअरिंग कोरडी चालली तर काही मिनिटांत सगळा खर्च मातीत जातो.

कूलंटबद्दल माझा आग्रह आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त आळस होतो. नळाचं किंवा बोअरवेलचं पाणी घालू नका. पुण्याच्या कडेच्या वस्त्यांमध्ये बोअरवेलचं पाणी इतकं जड असतं की बादलीला पांढरा थर धरतो, तोच थर उद्या वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत, धरेल. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून घाला, हीटरचा कॉक उघडा ठेवा आणि रेडिएटरचं झाकण काढून बुडबुडे थांबेपर्यंत हवा निघू द्या. हेडमध्ये हवा अडकून राहिली तर तापमानाचा काटा काहीही दाखवू शकतो आणि हेड तापत राहतं.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे न जाऊ देणारा व्हॉल्व्ह. "पुण्यात कशाला लागतो थर्मोस्टॅट, काढून टाका, गाडी थंड राहते" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर वाद घालायची माझी तयारी कायम असते. इंजिन थंड राहणं चांगलं नसतं, ते ठरलेल्या तापमानाला चाललं पाहिजे. पिस्टन आणि बोअरमधलं अंतर त्या तापमानासाठी काढलेलं असतं. थर्मोस्टॅट नसला तर डिसेंबरच्या सकाळी गाडी हडपसरपर्यंत गार चालते, पेट्रोल नीट जळत नाही, बोअरच्या भिंतीवरून ऑइल धुऊन खाली उतरतं आणि ऑइल चेंबरमधलं ऑइल पातळ होतं. रन-इनला याहून वाईट काय असेल? दुसऱ्या गॅरेजातून आलेल्या एका मारुतीत नवे पिस्टन होते, थर्मोस्टॅटची जागा रिकामी होती आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत होता. पाण्याच्या भांड्यात टाकून गरम करा, व्हॉल्व्ह उघडतो का बघा आणि परत बसवा. नवा घ्यायचा असला तर नाना पेठेत सहज मिळतो.

टायमिंग (ठिणगीची वेळ) आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) मॅन्युअलच्या मापाने आधीच लावून ठेवा. भार दिल्यावर इंजिन ठोकलं, म्हणजे आतून ठकठक (नॉकिंग) आली, तर नव्या रिंगांवर हातोडा पडतो.

पहिला अर्धा तास

चालू झालं की लगेच दिवा बघा. दोन-चार सेकंदांत विझला नाही तर बंद करा. विझला तर इंजिन स्लोवर सोडू नका. पद्मिनीसारख्या जुन्या इंजिनात नवा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि नवे टॅपेट घातले असतील तर पंधरा-वीस मिनिटं दोन हजार आरपीएमच्या आसपास, थोडं वर-खाली करत ठेवायचं. त्या कॅमला ऑइल मिळतं ते मुख्यतः क्रँकने उडवलेलं, स्लोवर ते पुरेसं उडत नाही. मारुती ८०० मध्ये कॅम वर हेडमध्ये आहे. तिथे कॅम आणि रॉकर जुनेच, आपापल्या जागी परत बसवलेले असतील तर इतका वेळ द्यायची गरज नसते. गळती बघण्यापुरती पाच-सात मिनिटं जरा रेस देऊन ठेवा आणि सरळ रस्त्यावर काढा.

चोक ओढून ठेवू नका. जास्तीचं पेट्रोल बोअरवरचं ऑइल धुऊन काढतं. इंजिन चालतंय म्हटल्यावर चोक लगेच आत.

सुरुवातीला सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. बांधताना लावलेलं ऑइल जळत असतं, घाबरू नका. शेजाऱ्यांना मात्र आधी सांगून ठेवा.

सोलापूर रोड

पुण्यात रन-इनसाठी रस्ता निवडणं हे अर्धं काम आहे. स्वारगेट, विद्यापीठ चौक, हिंजवडी, यातलं काहीच नको. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत, पंखा सारखा चालू, भार शून्य, म्हणजे ग्लेज व्हायला हवं ते सगळं. एक्सप्रेसवेही नको. तिथे एकाच वेगाने जायचा मोह होतो, आणि खोपोलीकडून परत येताना बोरघाटाचा लांब चढ लागतो. कात्रजचा चढही पहिल्या दिवशी नको.

मी पाठवतो सोलापूर रोडला. हडपसर मागे टाकायचं, लोणी काळभोरला तेल डेपोचे टँकर लागतात तिथे संयम ठेवायचा आणि पुढे उरुळी कांचन ते यवत हा पट्टा धरायचा. रस्ता सपाट आहे, चौपदरी आहे आणि गरज पडली तर कडेला थांबायला जागा आहे. रविवारी सकाळी निघा, पण उजाडल्यावर. ऊस गळीत हंगामात दौंडकडच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागे दिवे नसतात आणि वेग सारखा वर-खाली करणाऱ्या ड्रायव्हरने अंधारात त्यांच्या मागे जाऊ नये.

मारुती ८०० ला आरपीएमचा काटा नाही, म्हणून गिअर आणि वेगाच्या भाषेत सांगतो. इंजिन नीट गरम झालं, तापमानाचा काटा जागेवर आला की तिसऱ्या गिअरमध्ये तीसवरून सुरू करा. अ‍ॅक्सिलरेटर अर्ध्यापर्यंत दाबा, ठामपणे, आणि पन्नासपर्यंत जाऊ द्या. मग पाय पूर्ण काढा. क्लच दाबू नका, न्यूट्रल करू नका, गिअरमध्येच गाडी आपोआप तीसवर येऊ द्या. पुन्हा दाबा, पुन्हा सोडा. असं आठ-दहा वेळा. मग काही किलोमीटर चौथ्यात साधं चालवा आणि पुन्हा सुरू करा.

दाबता तेव्हा गॅस रिंगांना भिंतीवर रेटतो. सोडता तेव्हा सिलिंडरमध्ये निर्वात होतो, खालून ऑइल वर ओढलं जातं, भिंती गार होतात आणि घासून निघालेली बारीक पूड धुतली जाते. दोन्ही अर्धी सारखीच महत्त्वाची आहेत. लोक दाबण्यावर लक्ष देतात आणि सोडण्याच्या वेळी घाई करतात. सोडायला दाबण्याहून जास्त वेळ द्या.

मागून येणाऱ्याला तुमचं काय चाललंय ते कळत नाही, म्हणून डाव्या लेनमध्ये राहा आणि आरसा बघूनच पाय काढा. गाडीत तुम्ही आणि फार तर आणखी एक जण. एसी बंद. सीएनजी किट असलं तर हे सगळे दिवस पेट्रोलवरच चालवा.

आणखी एक गोष्ट, जी चांगल्या ड्रायव्हरकडूनही राहून जाते. चौथ्यात तीसने जाताना पाय दाबला की गाडी थरथरते, इंजिन गुदमरतं. तसं करू नका. वेग कमी दिसतो म्हणून वाटतं इंजिनाला आराम आहे, पण उलट असतं: आरपीएम कमी, ऑइलचा दाब कमी आणि क्रँकच्या बेअरिंगवर सगळा भार. एक गिअर खाली घ्या.

यवतला थांबा, मिसळ खा, तोवर बोनेट उघडं ठेवा. हेड गॅस्केटच्या कडेने, टॅपेट कव्हरखाली, ऑइल फिल्टरच्या बुडाशी आणि वॉटर पंपाजवळ ओल दिसते का बघा. गाडीखाली जुना कागद सरकवला तर थेंब लगेच कळतो. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. मग तशीच, दाबत-सोडत, परत या. घरी आल्यावर गरम इंजिनाचं ऑइल बदला (ते पुढे सांगतो), मग गाडी रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी ऑइल, कूलंट दोन्ही बघा. कूलंट थोडं खाली गेलेलं असतं, अडकलेली हवा निघालेली असते.

पहिलं ऑइल लगेच काढा

नव्याने टाकी लावलेल्या जात्याचं पहिलं दळण टाकून देतात, कारण त्यात दगडाची कच असते. इंजिनचंही तेच. होनिंगची पूड, रिंगचा चुरा, पॅकिंगचे कण हे सगळं पहिल्या ऑइलमध्ये उतरतं. सोलापूर रोडची फेरी झाली की, म्हणजे शंभर किलोमीटरच्या आत, इंजिन गरम असतानाच ऑइल सोडा आणि फिल्टर बदला. ऑइल नवं दिसतंय म्हणून हळहळू नका. त्यानंतर पाचशेला पुन्हा, दीड हजाराला पुन्हा. दीड हजारापर्यंत मिनरलच.

पहिला फिल्टर फेकू नका, उघडून बघा. करवतीने कापला तर करवतीचा चुरा आत पडतो आणि उगाच घाबरायला होतं. मी कडेची घडी कानसीने घासतो, बाहेरून स्वच्छ पुसतो आणि मग पत्रा सोडवतो. आतला कागद घडीघडीने कापून काढायचा, व्हाइसमध्ये दाबून ऑइल पिळायचं आणि वर्तमानपत्रावर उन्हात पसरायचा. दुपारच्या उजेडात तिरका धरला की राखाडी, चंदेरी झाक दिसते, बोटाला लागली तर पुडीसारखी. एक चुंबक पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वरून फिरवा. ही पूड बरीचशी चिकटते, कारण ती रिंगची आणि बोअरची आहे. पहिल्या फिल्टरमध्ये ती असायलाच हवी. चुंबकाला न चिकटणारी, चपटी, नखावर घेता येईल अशी चकाकती खपली दिसली तर मात्र गाडी तिथेच थांबवा. ती बेअरिंगची किंवा पिस्टनची असते. ऑइल चेंबर उतरवून बघितल्याशिवाय पुढे एक किलोमीटरही नको.

शंभर ते दीड हजार

इथून काम सोपं होत जातं. रोजच्या वापरात घ्या, पण सदाशिव पेठ ते मंडई असल्या फेऱ्यांपुरतीच नको. इंजिन गरमच होत नाही आणि पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय धरते. ती साय फक्त झाकणाला असली तर ती बाष्पाची आहे, एका लांब फेरीत जाते. डिपस्टिकवरचं ऑइलही चहासारखं दुधट दिसलं तर हेड गॅस्केट बघावं लागेल.

पाचशेपर्यंत चौथ्यात साठच्या वर नको, आणि एकच वेग धरून दहा मिनिटांहून जास्त नको. तीन-चारशे झाले की दिवे घाट उत्तम. वडकीपासून तिसऱ्यात, गुदमरायला लागली की दुसऱ्यात, पाय अर्ध्याच्या थोडा पुढे, सासवडला थोडं थांबून उतरताना त्याच गिअरमध्ये पाय काढून. चढावर दाब, उतारावर निर्वात, जे सपाटीवर पायाने करत होतो ते घाट आपोआप करतो. मे महिन्यात दुपारी जाऊ नका.

पाचशेला ऑइलबरोबर टॅपेट पुन्हा तपासा. पद्मिनीचे हेड बोल्ट गार इंजिनावर, मॅन्युअलच्या क्रमाने, टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. नवीन गाड्यांमध्ये काही ठिकाणी एकदाच ताणायचे बोल्ट असतात, त्यांना परत हात लावायचा नसतो. आपल्या इंजिनचं काय ते मॅन्युअल उघडून बघा, मेकॅनिकच्या आठवणीवर सोडू नका.

पाचशे ते हजार सत्तरपर्यंत, पुढे ऐंशी. अधूनमधून काही सेकंद पूर्ण दाबायला आता हरकत नाही.

या काळात एक वही ठेवा: किलोमीटर, ऑइलची पातळी, कूलंट, काटा कुठे होता, पेट्रोल किती गेलं. ऑइल रोज सकाळी, गाडी सपाट जागी असताना, सुरू करण्याआधी बघायचं. पहिल्या पाचशेत थोडं कमी होतं, मग कमी होणं मंदावतं आणि हजाराच्या आसपास जवळजवळ थांबतं. वहीतल्या आकड्यांत हे मंदावणं दिसलं म्हणजे रिंग बसतायत. मंदावतच नसेल तर धूर बघा. दाबल्यावर निळा धूर येत राहिला तर रिंग बसल्या नाहीत. उतारावर पाय काढून पुन्हा दाबताना किंवा सकाळी सुरू करताना एक निळा लोट येत असेल तर रिंगला दोष देऊ नका, व्हॉल्व्ह सील किंवा गाइड बघा. काळा धूर कार्बुरेटरचा.

दीड हजाराला कंप्रेशन मोजून घ्या. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, मग सेल्फ. तिन्ही सिलिंडरच्या दाबाचे आकडे एक किलोच्या (प्रति चौरस सेंटिमीटर) आत जुळले पाहिजेत. शक्य असेल तर हेच माप पहिल्या फेरीनंतरही घेऊन ठेवा. रिंग बसल्या असतील तर आकडे चढलेले दिसतात, आणि एकच सिलिंडर मागे राहिला असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग, तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह.

आकडे जुळले की ऑइल तुमच्या पसंतीचं घाला, चौघांना बसवा, एसी लावा आणि लोणावळ्याला जुन्या हायवेने जाऊन या.